सावनेरच्या मशीनची बोली

ऑनलाइन लिलावातून मी घेतलेली पहिली शिलाई मशीन घरी आली, तेव्हा तिची मान तुटून जोडलेली होती. जोडावर वेल्डिंग, त्यावर काळा रंग आणि रंगावर कुणीतरी नव्याने ओढलेली सोनेरी पट्टी. जाहिरातीतले सगळे फोटो उजव्या बाजूने काढलेले होते आणि जोड डावीकडे होता. नवऱ्याने खोकं उघडायला मदत केली, मशीनभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "चांगली दिसते." तो विमा कंपनीत होता. लोखंडातलं त्याला काही कळत नाही.

त्या दिवसापासून मी फोटोत काय दिसतं यापेक्षा काय दिसत नाही ते आधी बघते. एकाच बाजूचे फोटो असतील तर दुसऱ्या बाजूचा मागते. मशीन उलटी करून खालचा फोटो पाठवा म्हणते. ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही तो पाठवतो, थोडी कुरकुर करतो पण पाठवतो. ज्याच्याकडे आहे तो म्हणतो, "मॅडम, एकदम चालू कंडिशन आहे," आणि गप्प बसतो.

मी आयटीआयमध्ये शिवणकाम शिकवायचे. नोकरीची बरीच वर्षं मुलींच्या बिघडलेल्या मशिनी दुरुस्त करण्यात गेली. शिक्षिका म्हणून नेमणूक होती, पण मेकॅनिक बोलावला की तो आठवडाभर यायचा नाही, म्हणून मीच स्क्रूड्रायव्हर घ्यायचे. निवृत्तीनंतर हात मोकळे राहिले आणि ते मला सोसेना. मग जुन्या, हाताने फिरवायच्या मशिनी लिलावात घ्यायच्या, उघडून साफ करायच्या, नागपूरच्या इतवारी बाजारातल्या दुकानातून पार्ट आणून बसवायचे आणि पुन्हा लिलावातच विकायच्या, असं सुरू झालं. घेणारे दोन तऱ्हेचे असतात. एक, ज्यांना दिवाणखान्यात शोभेला हवी असते. दोन, ज्यांना खरंच शिवायचं असतं. पहिले रंग विचारतात, दुसरे खालच्या धाग्याचं शटल कसं आहे ते विचारतात.

हळूहळू काही गोष्टी अंगवळणी पडल्या. विक्रेत्याबद्दल आधीच्या गिऱ्हाइकांनी लिहिलेली स्तुती मी वाचत नाही. तक्रारी वाचते, आणि तक्रारीला त्याने दिलेलं उत्तर वाचते. माणूस कसा आहे ते उत्तरात कळतं. पाठवणीचा खर्च आधी विचारते, कारण लोखंड जड असतं आणि स्वस्तात मिळालेली वस्तू कुरिअरच्या काट्यावर महाग होते. बोली लावण्याआधी आपला शेवटचा आकडा ठरवून तो नवऱ्याला मोठ्याने सांगते. मनातल्या मनात ठरवलेला आकडा लिलावाच्या शेवटच्या मिनिटांत वाढत जातो. दुसऱ्याला सांगितलेला वाढवायची लाज वाटते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सुरुवातीला बोली लावत नाही. आठवडाभर नुसती बघते. लवकर बोली लावली की दुसऱ्याला कळतं, ही वस्तू हवी असलेलं आणखी कुणीतरी आहे. मग तोही पेटतो. वेबसाइटवर अशी सोय असते की आपला कमाल आकडा एकदाच भरून ठेवायचा. समोरचा जितका चढेल त्याच्या थोडं वर वेबसाइटच आपल्यासाठी चढते, त्या आकड्यापर्यंत. मी अगदी शेवटी आकडा भरते आणि फोन बाजूला ठेवते.

सावनेरची मशीन मला दिवाळीनंतर दिसली. काळी, हातमशीन, लाकडी घुमटाकार झाकण, सोनेरी वेलबुट्टी बरीचशी शाबूत. मजकूर दोनच शब्दांचा होता: "जुनी मशीन." खालचा फोटो मागितला तर लगेच आला, आणि त्यात खालचे सगळे भाग तेलाने चमकत होते. विकायला काढलेल्या मशिनीला इतकं ताजं तेल मी क्वचितच पाहिलंय. लोक वरून पुसतात, आत बघत नाहीत.

बोली लावणारं आधीच एकजण होतं. नाव वेबसाइट अर्धवट झाकते, त्यामुळे कोण ते कळत नव्हतं, पण वागण्यावरून नवखं माणूस आहे हे कळत होतं. पहिल्याच दिवशी बोली लावलेली. मध्ये एक भंगारवाला वाटावा असा कुणीतरी आला आणि अगदी थोडा चढला, तर याने तासाभरात त्याच्यावर बोली टाकली. तो पुन्हा चढला, हाही चढला. भंगारवाला निघून गेला. मी नवऱ्याला माझा आकडा सांगितला आणि रविवारची वाट पाहिली.

लिलाव रविवारी दुपारी संपणार होता. विकणाऱ्याने वेळ चांगली निवडली होती. जेवणं झालेली असतात, माणसं आडवी होऊन फोन बघत असतात. शेवटी शेवटी मी आकडा भरला. समोरून ताबडतोब बोली आली, माझी तिच्यावर चढली. पुन्हा आली, पुन्हा चढली. लहान लहान पावलं टाकत ते माणूस माझ्या मागे येत होतं, जसं कुणी जिन्याच्या पायऱ्या मोजत चढावं. माझ्या आकड्याच्या जवळ येऊन पोचलं आणि वेळ संपली. मशीन माझी झाली.

"झाली?" नवऱ्याने विचारलं.

"झाली. पण कुणीतरी फार जीव तोडून लढत होतं."

"तुझ्यासारखं असेल कुणी."

"माझ्यासारखं असतं तर असं लढलं नसतं."

सावनेर जवळ असल्यामुळे स्वतः येऊन नेते असं मी विक्रेत्याला कळवलं होतं. शक्य असेल तर मी तेच करते. वस्तू हातात घेऊन पाहता येते आणि वाटेत तुटण्याची भीती नसते. पुढच्या शनिवारी आम्ही गाडी काढली आणि छिंदवाडा रोडने निघालो. शेतांत कापसाची वेचणी चालू होती.

घर गावाच्या कडेला होतं. दारात निम्मं सामान दोरीने बांधून ठेवलेलं. विकणारा माणूस पन्नाशीच्या आतबाहेरचा, कोळसा खाणीच्या ऑफिसात नोकरीला. नागपूरला बदली झाली होती, तिकडे फ्लॅट घेतला होता, हे घर विकलं होतं. त्याने आम्हाला आत नेलं. दिवाणावर मशीन ठेवलेली होती, झाकण शेजारी. खिडकीखाली खुर्चीत त्याची आई बसली होती, मांडीवर सूप, आणि सुपात तुरीच्या शेंगा. ती सोलत होती. सून चहा ठेवायला आत गेली.

मी चाक फिरवलं. आवाज एकसारखा होता, मध्ये कुठे खरखर नाही.

"शटल काढून पाहा नं," खुर्चीतून आवाज आला. "तेल मीच टाकलं हाये दिवाळीच्या आंधी."

मी शटल काढलं. स्वच्छ होतं.

"तुमीच का त्या?" बाईंनी विचारलं.

"कोण त्या, मावशी?"

"रविवारी माह्यावर चढून राहिल्या होत्या त्या. मी वाढवलं का तुमचं अजून वर. मी वाढवलं का अजून वर. मले वाटलं, कोणी माणूस असन. बाई असन असं नव्हतं वाटलं."

मला अर्थ लागायला थोडा वेळ लागला. लागला तेव्हा मी शटल खाली ठेवलं. विकणाऱ्याने किंवा त्याच्या घरच्या कुणी आपल्याच वस्तूवर बोली लावायची नाही, हा या लिलावांचा पहिला नियम आहे. पण लावतात. भाव चढवायला मेहुण्याचं, मित्राचं खातं वापरतात. मी अशा गोष्टी ऐकल्या होत्या, आणि आता माझ्यासमोर बसून कुणीतरी तेच कबूल करत होतं.

"भाऊ, हे काय आहे?" मी मुलाला म्हणाले. "घरातल्याच माणसाकडून बोली चढवून घेतली तुम्ही?"

"कोणी चढवली?" तो म्हणाला. मग आईकडे वळला. "आई, तू बोली लावली? काहून?"

"तुले नाही सांगता आलं म्हणून."

"काय नाही सांगता आलं?"

बाईंनी आणखी एक शेंग सोलली. नवरा उठला आणि मला म्हणाला, "चला, जाऊ आपण." त्याला भांडण आवडत नाही, आवाज चढायच्या आधीच तो चपला शोधायला लागतो. पण मी थांबले. फसवणारं माणूस आपण होऊन सांगत नाही, एवढं मला कळत होतं.

"मावशी, नीट सांगा," मी म्हणाले.

त्यांनी सूप खाली ठेवलं. "दिवाळीले सारे आले होते. जेवून बसलो होतो. यानं साऱ्यांपुढं विचारलं, आई, मशीन काढून टाकू का, फ्लॅटमध्ये जागा नाही. जावई होते, व्याही होते. आता तवा काय म्हणाव? म्हटलं, काढ."

"मग नंतर सांगाचं होतं नं," मुलगा म्हणाला.

"एकडाव काढ म्हटल्यावर मंग नको काढू कशी म्हणू? तू टाकली फोनवर. मंग मी रायपूरले पोरीले फोन केला. तिनं सांगतलं, कसं नाव टाकाचं, कसं दाबाचं. माही पेन्शन हाये. मी काही कोणाले फसवून नाही राहिली."

"आणि जिंकली असती तर?" मी विचारलं.

"पोरीचा पत्ता टाकला होता. रायपूरले गेली असती मशीन."

मुलगा दिवाणाच्या कडेला बसला. "म्हणजे मीच बांधून, मीच कुरिअरमध्ये टाकून ताईच्या घरी पाठवणार होतो? पत्ता वाचून मले कळलं नसतं काय?"

"तवाचं तवा पाहिलं असतं," बाई म्हणाल्या आणि पुन्हा एक शेंग उचलली.

चहा आला. सुनेने एकेकाकडे पाहिलं आणि कप ठेवून तीही उभी राहिली. मी म्हणाले की हा व्यवहार आपण रद्द करू. वेबसाइटवर दोघांच्या संमतीने रद्द करता येतो, कुणाच्या नावाला बट्टा लागत नाही. मुलगा लगेच तयार झाला. त्याचा चेहरा उतरला होता, पण राग नव्हता. "ठेवून घेऊ, आई. जागा करू कुठं तरी."

"नाही," बाई म्हणाल्या. "बोली जिंकली हिनं. नेऊ दे."

"काहून आता?"

"आता ठेवली तं रोज म्हणसान तुमी, मशीन इकडं सरकवू का, तिकडं सरकवू का. बाल्कनीत ठेवसान. पाण्यात भिजन." मग माझ्याकडे पाहून त्या म्हणाल्या, "तुमी तं शिवता नं? का नुसतं ठेवता?"

"शिवते," मी म्हणाले. विकते हे सांगितलं नाही. विचारलंही नव्हतं.

त्या उठून आत गेल्या आणि एक डबा घेऊन आल्या. त्यात बॉबिन होते, सुया होत्या, तेलाची कुपी, आणि कापड दाबून धरणारा जादा पाय. "हे यानं जाहिरातीत टाकलंच नाही," त्या म्हणाल्या. मुलगा म्हणाला, त्याला डबा माहीतच नव्हता. मशीनसोबतचे सुटे भाग दाखवले की वस्तूची किंमत वाढते, हे मी त्याला सांगणार होते, पण त्या घरात त्या वेळी ते सांगण्यात अर्थ नव्हता.

घरी आणल्यावर मी ती मशीन एका बाजूला ठेवली. धागा ताणून धरणारी स्प्रिंग बदलायची होती आणि त्या जुन्या मापाची स्प्रिंग इतवारीत मिळत नव्हती. दुकानदार 'आज येते, उद्या येते' करत राहिला. स्प्रिंग मिळाली त्याच सुमारास वेबसाइटवर मला एक निरोप आला. 'मी सावनेरवाली. नागपुरात आली राहाले. मशीन हाये का विकली?'

म्हणजे मी विकते हे त्यांनी माझ्या खात्यावर पाहिलं होतं.

'आहे,' मी लिहिलं. आणि पत्ता दिला.

दोन दिवसांनी त्या ऑटोने आल्या. जिना चढून आल्यावर पाणी पिऊन बसल्या, मशीनचं झाकण काढलं, माझ्या टोपल्यातला एक कापडाचा तुकडा घेतला आणि सरळ एक शिवण मारली. मग उलटून पाहिली. धागा तोडून तुकडा परत टोपल्यात टाकला. फ्लॅट कसा आहे विचारलं तर म्हणाल्या, "चांगला हाये. पण दिवसभर दार बंद." पुढच्या आठवड्यात पुन्हा आल्या, त्यानंतर येतच राहिल्या. उशांचे अभ्रे शिवले, रायपूरला पाठवायला झबली शिवली. मी माझ्या कामात असायचे, त्या त्यांच्या. आमच्यात फार बोलणं व्हायचं असं नाही. नवरा मात्र खूश होता. त्याच्या पँटची लांबी कमी करून देणारं माणूस मिळालं होतं. मला ते काम कंटाळवाणं वाटतं.

मशीन कुणाची, हा प्रश्न आमच्यापैकी कुणी काढला नाही.

लिलावात मात्र त्यांना रस वाटत होता. मी बोली लावत असले की खुर्ची ओढून शेजारी बसायच्या. एकदा जुन्या लेसच्या रिळांचं एक खोकं निघालं, त्यांनी स्वतःच्या फोनवरून बोली लावली. कितीपर्यंत जायचं ते मी आधी ठरवून घेतलं होतं. समोरचा त्या आकड्याच्या पुढे गेला.

"हा कोण हाये मधात येऊन राहिला?" त्या म्हणाल्या आणि बोट पुढे नेलं.

"मावशी, तो मधात नाही आला. त्यालाही हवंय. सोडा."

"असा कसा सोडू?"

"लेस दुसरी मिळेल."

त्यांनी सोडली, पण दिवसभर त्या माणसाबद्दल बोलत होत्या, जसं काही त्याने दारात येऊन हातातून ओढून नेलं होतं. बोली लावणं त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही. मजकूर लिहिणं मात्र जमलं. मी म्हणायचे, दोष आधी लिहायचे, गुण मागून. दोष वाचूनही जे टिकतं तेच खरं गिऱ्हाईक, आणि ते नंतर वस्तू परत पाठवत नाही. त्या सांगायच्या आणि मी टाइप करायचे. "चाकाच्या कडेले रंग उडाला. झाकणाची चावी नाही. आवाज करते पण शिवण सरळ येते." माझ्यापेक्षा त्यांचं लिहिणं छोटं असायचं, आणि त्या मशिनींबद्दल प्रश्नही कमी यायचे.

उन्हाळ्यात मी एक मोटरवर चालणारी मशीन घेतली. फार जुनी नव्हती. एका बुटीकवाल्या बाईने दुकान बंद करताना काढलेली. मावशींनी सहज पायाने पॅडल दाबून पाहिलं. त्या दिवशी त्या दोन तास तिच्यावर बसल्या. पुढच्या वेळी आल्या तेव्हा सरळ तिच्याकडेच गेल्या. सावनेरच्या मशीनचं झाकण तसंच राहिलं.

"हाताले आराम हाये हिच्यात," त्या म्हणाल्या. "ते चाक फिरवून फिरवून खांदा भरून येते."

मला थोडं नवल वाटलं, पण थोडंच. अशा कितीतरी मुलींना मी मोटर आल्यावर हाताची मशीन सोडताना पाहिलंय. माझा समज होता की मावशींचं तसं नसेल. तो समज माझा होता.

पावसाळा संपता संपता त्या म्हणाल्या, "ते मशीन ठेवून काहून राहिल्या? टाका लिलावात."

"नक्की?"

"कोणी शिवन तरी तिच्यावर."

त्यांचा मुलगा त्यांना न्यायला आला होता, तेव्हा मी त्याला हे सांगितलं. मी चहा करायला आत गेले तेव्हा तो त्यांच्याशी हळू आवाजात बोलत होता. "आता कोणी नाही इथं, आई. खरं सांग. विकाची का ठेवाची?" त्या म्हणाल्या, "विकाची. दोनदा काहून विचारतं गा?" तो हसला, असं मला आतून ऐकू आलं.

फोटो आम्ही सकाळच्या उजेडात गॅलरीत काढले, चारही बाजूंनी, आणि खालून. मजकूर त्यांनी सांगितला. "एक जादा पाय आहे. बॉबिन आहेत. स्प्रिंग नवी. वेलबुट्टी डाव्या बाजूले पुसट, कारण तिकडं माहा हात राहे." मी 'माझा हात असायचा' असं केलं. सुरुवातीची बोली कमी ठेवली. कमी ठेवली की माणसं जमतात, आणि जमली की एकमेकांना पाहून वाढतात. जास्त ठेवली की वस्तू एकटीच बसून राहते.

शेवटच्या दिवशी त्या आल्या. फोन पर्समध्येच ठेवला. आम्ही माझ्या स्क्रीनवर पाहत होतो. चारजण होते, एक शोभेचा, एक भंगारवाला, आणि दोन बायका असाव्यात. सातारच्या एका बाईने शेवटी घेतली. तिने आधी शटल कुठल्या मापाचं ते विचारलं होतं.

"ही शिवणारी हाये," मावशी म्हणाल्या.

लकडगंजच्या लाकडाच्या वखारीतून पेटी बनवून आणली. चाक वेगळं काढून कापडात गुंडाळलं, कारण वाटेत सगळ्यात आधी तेच तुटतं. मशीनभोवती भुसा दाबून भरला. झाकणावर त्यांनी स्वतः दोरी बांधली. कुरिअरवाला घेऊन गेला तेव्हा त्या मोटरवरच्या मशीनवर पडद्यांच्या कडा दुमडत होत्या, आणि उठल्या नाहीत.

सातारच्या बाईचा आठवड्याने निरोप आला. मशीन नीट पोचली होती, पण शटलमध्ये धागा कसा घालायचा ते तिला जमत नव्हतं. मावशींनी माझा फोन घेतला आणि बोलून उत्तर पाठवलं. त्यात त्या म्हणाल्या, धागा खालून न घेता वरून काहून घेऊन राहिली, तुटन नाही तं काय होईन. तिकडून उत्तर आलं, 'ताई, क्षमा करा, निम्मं समजलं नाही.' मग आम्ही दुसऱ्या एका मशीनवर व्हिडिओ केला. मी फोन धरला आणि त्यांचे फक्त हात दिसत होते. धागा, शटल, बोट, पुन्हा धागा. एकही शब्द नाही.

संध्याकाळी तिने शिवलेल्या पट्टीचा फोटो पाठवला. मावशींनी चष्मा वर सरकवून तो मोठा करून पाहिला.

"वरचा धागा ढिला हाये," त्या म्हणाल्या. "स्क्रू थोडासा आवळ म्हणा तिले."

मी तसं लिहून पाठवलं.